बाहेरची कडी

हसू नगा गड्यांनो, पण आमच्या माधवनगरच्या घराच्या दाराला बाहेरनं कडीच नव्हती. आतनं फकस्त लाकडी अडसर. मी गिरणीतनं आलो, दारावर थाप मारली, की बायको अडसर सरकवायची. घरात कायम ती असायचीच, मग बाहेरनं कडी लावणार कुणावर?

ती गेली. दिवसकार्य झालं, पावणे पांगले. कामावर निघालो, तर दार लावायचं कसं? सुताराला बोलावलं. त्यो दार बघून म्हणला, "आवं, इतक्या वर्सांत साधा कडी-कोयंडा न्हाई बसवला?"

"लागलाच न्हाई कवा."

त्यानं कडी-कोयंडा ठोकून दिला. मी नवं कुलूप लावलं आन् गिरणीत गेलो. संध्याकाळी आलो, दारावर थाप मारली आन् उभा राहिलो. लय येळ उभा राहिलो. शेवटी शेजारच्या वहिनी त्यांच्या दारातनं म्हणल्या, "आवं भावजी, कुलूप दिसंना व्हय? सकाळी तुमीच लावून गेलाय की."

किल्ली माझ्या मुठीतच होती.

म्हणलं, "दिसतंय की, वहिनी. तरी थाप मारून बघितली."