यंत्र बंद, एकोणीस मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या बाई, त्यांची कन्या, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

चार शब्द चांगले बोला म्हणून मला उभं केलंय. बोलेन की. पण खरं सांगू? सव्वीस वर्षं मी या बाईंवर जळतोय.

आमचा मौखिक इतिहास विभाग म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाई लोकांना बोलतं करणार आणि आत मी कानाला हेडफोन लावून ते उतरवून काढणार. बँडवाले, सिनेमाची पोस्टरं रंगवणारे, सर्कशीतले जोकर, ज्यांचं कुणी कधी काही लिहून ठेवलं नाही ते सगळे बाईंपाशी मन मोकळं करायचे. एकदा बाई आजारी, म्हणून मी बसलो. त्या पोस्टरवाल्याने मला तीनच उत्तरं दिली. हो, नाही आणि "बाई कधी येतील?"

सहा वर्षांपूर्वी माझी आई मुलाखत द्यायला आली. लग्नाआधी ती एका टॉकीजच्या तिकीटखिडकीवर होती, एवढंच मला ठाऊक. बाईंशी दोन तास बोलली. डोअरकीपरची नक्कल केली. रीळ तुटलं की पब्लिक कशा शिट्ट्या मारायचं, ते शिट्टी मारून दाखवलं. माझी आई शिट्टी मारते हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही हेडफोनमधून! घरात ती साधी गुणगुणायचीही नाही. सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

आता आमचा एक नियम आहे. सांगणाऱ्याने हात वर केला की रेकॉर्डिंगचं यंत्र बंद. बाई फक्त वेळ बोलून ठेवतात. आईच्या मुलाखतीत येतं, "यंत्र बंद, चार वाजून दहा मिनिटं." आणि लगेच, "यंत्र सुरू, चार एकोणतीस." त्यानंतरचा आईचा आवाज अगदी हलका झालाय. मी तो भाग किती वेळा ऐकला, मलाच माहीत.

आईला विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय? गप जेव." मग बाईंना विचारलं. डबा खाताना विचारलं, रजेचा अर्ज देताना विचारलं, आई गेल्यावर तर हात जोडून विचारलं. उत्तर एकच, "यंत्र बंद होतं ना." त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. माझ्या आईची एकोणीस मिनिटं या बाईंकडे, आणि माझ्याकडे नुसती घड्याळातली वेळ! राग येणार नाही का?

परवा, निवृत्तीआधी, खुद्द बाईंची मुलाखत घ्यायचं ठरलं. त्या म्हणाल्या, "घेतील तर हेच घेतील." चाळीस मिनिटं झाली आणि बाईंनी हात वर केला. मला वाटलं, आता आईचं सांगणार. मी यंत्र बंद केलं, वेळ बोलून ठेवली. पण बाई स्वतःचंच बोलल्या. बारा मिनिटं.

मघाशी दारातच बाईंच्या लेकीने मला गाठलं. "काका, आईची मुलाखत मी काल सगळी ऐकली. त्या बारा मिनिटांत आई काय म्हणाली हो?"

मी म्हणालो, "यंत्र बंद होतं ना."

ती बघा, पहिल्याच रांगेत बसलीय. कशी बघतेय माझ्याकडे! ती नजर मी आरशात सहा वर्षं पाहिलीय.

बाई, तुमचे आभार मानतो, आणि ते अगदी मनापासून. भाषण लांबलं, काही अधिक-उणं बोललो असेन, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. आणि बाळ, तू मात्र एवढ्यात माफ करू नकोस. मलाही सहा वर्षं लागली.