टॉर्च आणि पिंप

सर्व्हे म्हणजे नुसते फॉर्म भरायचे, असं मलाही वाटायचं, गं. पब्लिक हेल्थच्या कोर्सला होते, तेव्हा डेंग्यूच्या सर्व्हेसाठी आमच्याच फुलपाड्यात फिरत होते. एका काकूंच्या पिंपात टॉर्च मारला, तर अळ्या वळवळतायत. आत त्यांची मुलगी तापाने फणफणलेली.

"काकू, हे पाणी आत्ताच्या आत्ता ओतून द्या!"

काकू पिंपाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "हात तर लावून बघ! पाणी परवा येणार. तोवर पोरीला काय पाजू, तुझा फॉर्म?"

फॉर्मवर 'अळ्या आढळल्या' या रकान्यात खूण केली आणि निघाले.

घरी आले आणि चप्पलही न काढता आमच्या पिंपाच्या झाकणाला हात घातला.

आतून आई म्हणाली, "बघू नकोस. पाणी परवा येणार आहे."