काकांनी सगळी उत्तरं बरोबर दिली

ये शीतल, चहा राहू दे, आधी हे ऐक. काल मी अकोटजवळच्या एका गावात गेलती. तिथं बालविवाह थांबवायचा कार्यक्रम चालू आहे, त्याचा फायदा झाला का, ते तपासायला. अमरावतीहून आलेली मोठी म्याडम न मी! गावसमितीचे एक काका त्यांच्या घरीच बसून काय फडाफडा उत्तरं देत होते!

"पोरीचं लग्न कधी करायचं?"

"अठरानंतर."

"कोणी आधी करून राहिलं तं?"

"आमी थांबवतो."

मी खुश! टॅबवर 'उत्तम' टाकून फॉर्म पाठवूनबी दिला. चप्पल घालत होती तं काकांनी पेढा दिला. अख्खा तोंडात टाकला अन् मग विचारलं, "कशाचा हो?"

"माह्या पोरीचं, पूजाचं साक्षगंध झालं न परवा. दिवाळीनंतर लग्न. दहावीत हाये."

"काका! आत्ता तं अठरा म्हणाले!"

"म्याडम, तुमी गावाचं इचारलं. घरचं कुठं इचारलं?"

तेवढ्यात दारातून पूजा हळूच म्हणे, "ताई, मंग आता इचारा न. मले शिकायचं हाये."

मी चप्पल काढून परत बसली. पण फॉर्ममध्ये घरचा एकबी प्रश्न नव्हता वं! सांग, तू काकांना पहिले काय विचारलं असतं?