आरशामागचं पत्र

रुखमाबाई: अन् हे आरशामांगून काय पडलं? पत्र दिसते. सिंधूचं अक्षर हाय.

शेषराव: राहू दे ते. आरसा नीट धर, स्टुडिओतला तेवढा एकच धड राहिलाय.

रुखमाबाई: राहू कसं देऊ? फोटो काढाले येनारे भांग पाडत होते या आरशात, अन् त्याच्यामांगं तुमी लेकीचं पत्र दडवता? कवाचं हाय हे?

शेषराव: पौषातलं.

रुखमाबाई: आता वैशाख हाय. तुमी तं म्हनले होते उत्तर टाकलं.

शेषराव: टाकणार आहे म्हणालो होतो.

रुखमाबाई: नाई. टाकलं म्हनले. मी भाकरी थापत होती, तुमी चुलीपाशी बसून बोलले.

शेषराव: चार वेळा लिहिलं गं. चारी वेळा फाडलं.

रुखमाबाई: काय लिवलं पोरीनं एवढं? वाचा मोठ्यानं. आडात पडलेली घागर काढाले उकंडराव यीन तवरीक वेळ हाय.

शेषराव: चष्मा आत आहे.

रुखमाबाई: कपाळावर हाय.

शेषराव: बरं. ऐक. “तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. समुद्राच्या पाण्याखालचे फोटो काढायचं काम आमच्या संशोधन केंद्राने माझ्याकडे दिलं आहे. त्यासाठी एक फ्लॅश घ्यायची आहे, आमची पहिलीच. दोहोंतली एक निवडायची. एक विजेरीवरची, डब्यात बंद केलेली, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसते आणि एका बुडीत शंभर वेळा चमकते. दुसरी बल्बची, हातभर दांडीवर. तिच्यात एका फोटोला एक बल्ब जळतो, मग नवा लावा. सगळे म्हणतात, पहिली घ्या. ती उसनी आणून पाहिली, त्यातला एक फोटो सोबत आहे. असा का आला ते कळत नाही. तुम्ही सांगाल तीच फ्लॅश घेईन.”

रुखमाबाई: झालं?

शेषराव: खाली तुला नमस्कार आहे.

रुखमाबाई: एवढंच इचारलं तिनं? ही घेऊ का ते घेऊ? त्याले चार महिने?

शेषराव: एवढंच नाही ते. मी आयुष्यात समुद्र पाहिला नाही. मेहकरच्या लोकांचे लग्नाचे फोटो काढले, तेही अर्धे मान वाकडी आलेले. मी काय सांगू तिला? चुकीचं सांगितलं तर तिचं काम बुडेल तिकडे.

रुखमाबाई: अन् तो फोटो कोठी हाय? सोबत धाडला म्हनते.

शेषराव: माझ्या टेबलावर.

रुखमाबाई: रोज दुपारी बारका ब्रश घेऊन बसता, तो?

शेषराव: तोच.

रुखमाबाई: मले वाटलं कोन्या गिऱ्हाइकाचा हाय. काय करता त्याले?

शेषराव: ठिपके बुजवतो. फोटोभर पांढरे ठिपके आहेत, मासा दिसतच नाही धड. फोटोवर पांढरा ठिपका म्हणजे निगेटिव्हवर धूळ. चाळीस वर्षं हेच पाहत आलो. फिल्म नीट धुतली नाही, उघड्यावर वाळवली, की असं होतं. आणि धुवायला तिला कुणी शिकवलं? मीच.

रुखमाबाई: मंग लिवायचं होतं, पोरी, नीट धूत जा.

शेषराव: तेच चार वेळा लिहिलं. दर वेळी वाचून पाहिलं की वाटायचं, पोर इतक्या लांब, पाच पुरुषांत एकटी काम करते, घरून पत्र आलं तर त्यात काय, तू फिल्म घाण धुतेस. मग म्हटलं, आधी फोटो स्वच्छ करून पाठवू, मग हळूच सांगू.

रुखमाबाई: किती राह्यले ठिपके?

शेषराव: अर्धे झाले. बारीक काम आहे, एका दिवशी दोन-तीनच होतात.

रुखमाबाई: तुमाले एक सांगायचं होतं. मंगळवारी तिचं कार्ड आलं. माह्या नावानं. शेजारच्या बेबीताईनं वाचून दाखवलं.

शेषराव: मला नाही सांगितलंस.

रुखमाबाई: तुमी कोठी मले सांगता? लिवलं होतं, बाबा रागावले दिसते. मी इकडं आली तेच त्याईले पसंत नसन. पंचवीस तारखेले साहेबाचा सामानाच्या मागनीचा कागद जाते, तवरीक बाबाचं काही नाई आलं, तं हे काम मी दुसऱ्याले देऊन टाकतो अन् घरी येतो.

शेषराव: घरी येते म्हणाली?

रुखमाबाई: हाव. तुमाले बरं वाटलं का?

शेषराव: नाही.

रुखमाबाई: मले थोडंसं वाटलं. खोटं काऊन बोलू? पन तिनं असं हरून यावं, हे नाई वाटत.

शेषराव: आज तारीख काय?

रुखमाबाई: एकोनीस. चारच्या गाडीनं टपाल जाते.

उकंडराव: वहिनी, हाये का कोनी घरी? कोन्या आडात पडली घागर, याच का?

रुखमाबाई: याच. या उकंडराव. दोर कुजला होता, मधातूनच तुटला. तांब्याची हाय, माह्या मायची.

उकंडराव: आजची तिसरी हाय ही. सकायी किसनरावाची बालटी काढली, मंग त्याच्या शेजारनीचा तांब्या. उन्हाया आला की गावातले सारे दोर एकाच दिवशी कुजतात. आरसा हाय का?

रुखमाबाई: हा घ्या. फोटोवाल्याचा हाय.

उकंडराव: मले काय देता? मी तं खाली जातो. वरतून भाऊ धरतीन, ऊन आत पाडाले. किती पानी हाय?

शेषराव: पुरुषभर असेल. जपून उतरा. एक पायरी निखळली आहे.

उकंडराव: माह्या गुडघ्यापरीस तं बरी असन. उतरलो. हा, थंड हाय. भाऊ, पाडा ऊन.

शेषराव: पाडलं. दिसते का घागर?

उकंडराव: नाई दिसत. आता मी बुडी मारतो, हलवू नोका.

रुखमाबाई: निघालं डोकसं. भेटली का हो?

उकंडराव: काय भेटते? भाऊ, असा नोका धरू, माह्या डोक्यावरून.

शेषराव: तुम्ही जिकडे बघता तिकडेच तर पाडतोय उजेड.

उकंडराव: तेच तं चुकते ना जी. मी जिकून पायतो तिकूनच उजेड आला, तं मधातला गाळच चमकते. पांढरा पांढरा, लाह्या उधळल्यावानी. घागर राह्यते त्याच्यामांगं.

शेषराव: काय म्हणालात? लाह्या?

उकंडराव: लाह्या. ज्वारीच्या. तिकडं जा, पेरूच्या झाडाकडं. आडवा पाडा उजेड, बाजूनं.

शेषराव: पुन्हा सांगा. पाणी तर वरून स्वच्छ दिसतंय.

उकंडराव: वरतून सारंच सोच्छ दिसते. मी गळ्याइतक्या पान्यात उभा हाय अन् तुमी मले शाळा घेऊन राह्यले. जा ना तिकडं.

रुखमाबाई: अहो जा. मानूस गारठला.

शेषराव: गेलो. असा?

उकंडराव: आनखी आडवा. हाव. आता थांबा.

रुखमाबाई: लई वेळ झाला हो बुडी मारून.

शेषराव: आला वर.

उकंडराव: दिसली. आडवी पडून हाय, कपारीपाशी. आता घेतो.

शेषराव: उकंडराव, घेऊ नका. एकदाच मी पहिल्यासारखा डोक्यावरून धरतो, तुम्ही बुडी मारून पाहा फक्त.

उकंडराव: काऊन जी? घागर तुमची, जीव माहा.

रुखमाबाई: मारा हो एक. च्याचं आधन ठेवलं हाय मी.

उकंडराव: गूळ जास्त टाका मंग.

शेषराव: धरला. काय दिसतं ते नीट पाहा.

उकंडराव: काय दिसते? लाह्याच लाह्या. घागर पुन्हा गायब. झालं समाधान?

शेषराव: झालं. रुखमा, ती धूळ नव्हती.

रुखमाबाई: कोन्ती धूळ?

शेषराव: फोटोतली. तिच्या फिल्मवर काही नव्हतं. तिनं नीट धुतली होती. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर होती, म्हणून मधला गाळ उजळला. चार महिने मी ब्रश घेऊन समुद्रातला गाळ बुजवत बसलो.

उकंडराव: ही घ्या घागर. पोचा पडला हाय थोडासा. समुद्राचं काय चाललं?

रुखमाबाई: आमची सिंधू समुद्रात बुडी मारून फोटो काढते.

उकंडराव: पोरीचं धाडस हाय. मंग दिवा दुसऱ्या हातात धर म्हना, लांब.

शेषराव: पण तिथलं पाणी खारं. खोल. तिथंही असंच होत असेल का?

उकंडराव: आता ते मले काय माहीत? इथं बेंडूक हायेत, तिथं मासे असतीन. गाळ तं दोन्हीकडं असन.

शेषराव: एकदा पुस्तकात ताडून पाहतो. त्या इंग्रजी पुस्तकात प्रकाशावर एक प्रकरण आहे...

रुखमाबाई: कपाटाची चाबी माह्यापाशी हाय.

शेषराव: दे.

रुखमाबाई: पत्र टाकून या, मंग देईन. पुस्तकात पाह्यलं की तुमी पाचवं फाडसान.

शेषराव: चुकलं तर?

रुखमाबाई: चुकलं तं चुकलं. तिले निदान हे कळन का बापानं सांगितलं होतं.

उकंडराव: द्या, मी टाकतो. स्टँडाकूनच जातो मी, पेटी तिथंच हाय.

शेषराव: नको. तुम्ही चहा घ्या, कपडे वाळवा. मीच जातो.

(चार वाजून गेल्यावर. उकंडराव चहा पिऊन गेला आहे.)

रुखमाबाई: टाकलं?

शेषराव: टाकलं. गाडी उभीच होती. पेटी उघडून पिशवीत भरताना पाहिलं.

रुखमाबाई: काय लिवलं?

शेषराव: दांडीवरची घे. बल्ब बदलायचा त्रास होईल, एका बुडीत एकच फोटो येईल, पण येईल. दिवा डोळ्याजवळ धरू नकोस, हात लांब करून बाजूनं धर. हे पुस्तकातलं नाही, आपल्या आडातलं आहे, उकंडरावांनी सांगितलं.

रुखमाबाई: अन् रागाचं?

शेषराव: रागावलो नाही, ते पहिल्याच ओळीत. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. आणि खाली लिहिलं, फिल्म तू चांगली धुतली होतीस.

रुखमाबाई: तुमाले तसं वाटलं नव्हतं, हे तिले कोठी माहीत होतं?

शेषराव: मला माहीत होतं ना.

रुखमाबाई: बसा. च्या गार झाला, गरम करतो. अन् हा आरसा पुन्हा खिळ्याले अडकवू का?

शेषराव: अडकव. आता मागं काही नाही.