अर्ध्या खोलीचा रंग

(महाड. कमलाकरशेटचं रंगाचं दुकान. गिऱ्हाईक एकच, पोलादपुराकडचे कोंडाजी.)

कमलाकर : अर्ध्या खोलीचा?

कोंडाजी : अर्ध्या. निळा.

कमलाकर : आणि उरलेल्या अर्ध्या खोलीला काय करणार?

कोंडाजी : ती माझी नाय.

कमलाकर : बरं. खोली केवढी?

कोंडाजी : लांबीला धा हात. त्यातले पाच माझे. रुंदीला आठ. ती भिंत आख्खी माझ्याकडं हाय.

कमलाकर : हात दीड फुटाचा धरतो. दारं, खिडक्या सांगा, वजा करायला.

कोंडाजी : दार एक. बरोब्बर मदी हाय.

कमलाकर : म्हणजे अर्धं दार वजा. खिडकी?

कोंडाजी : खिडकी त्यांच्याकडं गेली.

कमलाकर : त्यांच्याकडं म्हणजे कुणाकडं?

सयाजी : (दारातून आत येत) माझ्याकडं. नमस्कार शेट. मी सयाजी, यांचा धाकटा भाऊ. मला पण रंग पायजे. अर्ध्या खोलीचा. गुलाबी. मुंबईला सगळ्यांकडं हल्ली गुलाबीच चालतो.

कमलाकर : खोली तीच?

सयाजी : तीच. माजघर.

कोंडाजी : शेट, यांना सांगा, माझा हिशोब पयला चाललाय.

सयाजी : शेट, यांना सांगा, आपल्याला घाई नाय.

कमलाकर : दोघांनाही ऐकू येतंय. मधे भिंत का घालत नाही? दोन खोल्या होतील, मलाही मोजायला सोपं.

कोंडाजी : आई निजते ना तिथं. बयाबाय. तिच्या हातरुणावरून भिंत कशी घालायची?

कमलाकर : मग वाटणीची खूण काय?

सयाजी : जमिनीवर गेरूची रेघ हाय. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत.

कमलाकर : आणि आई रेघेच्या कुठल्या बाजूला?

कोंडाजी : रेघेवरच.

कमलाकर : काही म्हणत नाहीत?

कोंडाजी : तिला ठाव नाय. तिचे डोळे पार गेलते तवा वाटणी झाली. सांगायचं कुनी, ते ठरंना. मंग ऱ्हायलं.

कमलाकर : चुली तर दोन झाल्या असतील.

सयाजी : झाल्या ना. एक दिवस यांच्याकडचं ताट, एक दिवस आमच्याकडचं.

कमलाकर : चवीवरून कळलं नसेल?

कोंडाजी : बोलली नाय कदी.

सयाजी : आमच्याकडच्या दिवशी जरा जास्त जेवते.

कोंडाजी : आमच्याकडचं तिला थोडक्यातच पोटभर होतं.

कमलाकर : आणि आता एकदम रंग काढायचं कारण?

सयाजी : मुंबईला आपरेशन केलं तिच्या डोळ्याचं. सक्सेस झालं. जाड भिंगाचा चष्मा दिलाय. आमच्या बहिणीकडं हाय सध्या, ती आणून सोडणार येत्या आठवड्यात.

कोंडाजी : भिंती धुरानं काळ्या झाल्यात, शेट. इतक्या वरसांनी बघंल, तर चांगलं दिसाय पायजे.

कमलाकर : चांगलं म्हणजे, इकडून निळं आणि तिकडून गुलाबी.

कोंडाजी : उंची ऱ्हायली, शेट.

कमलाकर : हो. किती?

कोंडाजी : हात वर केला की वाशाला बोटं टेकतात माझी.

सयाजी : टेकत नायत. आठ फूट तर हाय आरामात.

कोंडाजी : यांना सांगा, आठ फूट असतं तर यांना टेंगूळ आलं नसतं.

कमलाकर : कसलं टेंगूळ?

कोंडाजी : शिंकं बांधायचं होतं. मी विशीत, हा आठेक वरसांचा. खांद्यावर बसवला नि उठलो उभा. वाशाला डोकं आपटलं त्याचं.

सयाजी : तू सांगायचं नाय काय, वाक म्हणून?

कोंडाजी : सांगलं होतं. तू ऐकतोस?

सयाजी : आणि रडलो मी, मार तू खाल्लास.

कोंडाजी : आईच्या उलथन्यानं. अजून वळ हाय पाठीवर.

सयाजी : दाखव. खोटं बोलतो, शेट.

कमलाकर : वळ राहू दे. सात फूट धरतो. सगळी खोली मिळून, दार-खिडकी वजा जाता, साडेतीनशे चौरस फुटांच्या वर थोडं. रंगाचे दोन हात, म्हणजे सातशेच्या वर. भुकटीच्या एका पुड्यात अडीचशे फूट होतात. आधी चुन्याचा हात मारा, नाहीतर मातीची भिंत सगळा रंग पिऊन टाकेल. सगळी खोली एका रंगात काढलीत तर तीन पुडे. दोन रंगांत काढलीत तर दोघांना दीड-दीड, पण अर्धा पुडा मी फोडत नाही. म्हणजे दोन आणि दोन, चार.

कोंडाजी : एक पुडा जास्त जातो.

कमलाकर : वाटणीत जातो.

सयाजी : वाटणी यांनी केली.

कोंडाजी : मागितली कुनी? मुंबईची गिरणी सोडून आला नि आल्या आल्या...

सयाजी : मी विषय काढला निस्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी घेऊन कोण बसलं मोजायला?

कोंडाजी : मला वाटलं तू ‘नको’ म्हनशील.

सयाजी : मला वाटलं तू दोरी ठेवशील.

कमलाकर : तर मी तीन काढू, का चार?

सयाजी : तीन काढा. निळे.

कोंडाजी : गुलाबी काढा.

कमलाकर : एक काहीतरी सांगा.

कोंडाजी : आईला कुठला आवडतो रं?

सयाजी : मला काय माहीत? विचारलंय कुणी कधी?

कमलाकर : फिकट पिवळा घ्या. एकच खिडकी आहे, उजेड बरा वाटेल.

कोंडाजी : उजेड पायजे तिला.

सयाजी : चालंल.

कमलाकर : आणि जमिनीवरची रेघ? तिला माझ्याकडं रंग नाही.

कोंडाजी : शेणानं सारवली की जाते.

सयाजी : कोण सारवणार? तुझ्याकडची का माझ्याकडची?

कोंडाजी : रेघ आपण मारली. आपणच सारवू.

कमलाकर : हे घ्या तीन पुडे. कागदाचे आहेत. एस्टीच्या टपावर टाकू नका, फुटतील. हातात धरून न्या. दोघांना एकेक, आणि हा तिसरा...

सयाजी : मधे ठेवू.

कमलाकर : कुणाच्या मधे?

कोंडाजी : एस्टीत एका बाकावर बसलो, की मदी जागा होते, शेट.