मास्तरांच्या पायाखालचा दुसरा ब्रेक

एक म्हैस, रस्त्याच्या बरोबर मध्ये.

उजव्या चपलेचा तळ झिजून कागद झालेला. डावी मात्र दुकानातनं आत्ता आणल्यासारखी.

हेल्मेट — आणि त्याच्याखाली न मावणारी पांढरी टोपी.

एका पोरीचे दोन्ही तळहात, गुडघ्यांवर पालथे.

सून सासूकडे बघते. सासू सुनेकडे बघते. रस्त्याकडे कुणीच बघत नाही.

मंडळी, ऐकताय ना? गोंधळलात? असू द्या. पानात आधी मीठ-लिंबू पडतं, तेव्हा कुणी विचारत नाही की याचा भाताशी काय संबंध. भात येतो मागनं. पण त्याच्याही आधी एक प्रश्न वाढतो — ज्याला आपण जपतो, त्याला आपण शिकवतो का? मान डोलावू नका इतक्यात. मान डोलवायला काही लागत नाही!

तासगावच्या अलीकडे भालचंद्र खटावकर नावाचे एक मास्तर होते. शाळेचे नव्हेत, मोटारीचे. 'सावकाश मोटार ट्रेनिंग स्कूल' अशी पाटी. नावातच सगळं धोरण! गाडी एकच, पांढरी. आणि अशा गाडीत काय असतं, ठाऊक आहे ना? शिकणारा बसतो उजवीकडे, मास्तर डावीकडे — आणि मास्तरांच्या पायाखाली एक दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला, की मास्तरांनी दाबायचा. गाडी जागच्या जागी उभी.

सव्वीस वर्षं मास्तर त्या डाव्या जागेवर बसले. चार हजार माणसं शिकवून बाहेर काढली. गाडीला ओरखडा नाही. हे ते सगळ्यांना सांगत. न विचारता सांगत. बारशाला गेले तरी पाळण्याशेजारी उभे राहून सांगत! चपला शिवणारा एकदा म्हणाला, मास्तर, तुम्ही एकाच पायानं चालता का हो, उजवीच तेवढी झिजते? मास्तर खूश झाले. म्हणाले, बाबा रे, चार हजार जीव वाचलेत त्या तळानं.

आणि खोटं नव्हतं ते. पोरगं क्लच सोडतंय, समोर भाजीची गाडी — मास्तरांचा पाय खाली. बाई आरशात बघतेय, समोर शेळी — पाय खाली. आधी पाय, मग बोल. "बघा, आत्ता काय झालं असतं!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झालं असतं. कधी झालं नाही.

त्या चार हजारांत एक होत्या पद्मजाबाई आरवाडे. पोस्टात नोकरी, वय त्रेचाळीस. नवरा कामाला लांब, घरी सासू ताराक्का, आणि ताराक्कांच्या गुडघ्यांचं औषधपाणी मिरजेला. म्हणून बाई गाडी शिकल्या. एकवीस दिवस, एक खाडा नाही. पुढं जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. पहिल्यांदा मिरजेला निघाल्या तेव्हा ताराक्कांनी गाडीला नारळ फोडला आणि डाव्या जागेवर ऐसपैस बसल्या. मांडीवर फुटाण्यांची पुडी.

आता हा क्षण नीट बघा. मी सावकाश सांगतो, घडला मात्र पटकन.

कालव्याचा रस्ता. गाडीचा वेग चाळीस, फार नाही. कालव्याच्या उतारावरनं एक म्हैस वर आली आणि मधोमध उभी राहिली. अंतर भरपूर होतं. बाईंना ती दिसली, स्वच्छ दिसली. आणि बाईंनी काय केलं? कुणी केर काढायला आलं की आपण खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर घेतो ना — तसे दोन्ही पाय वर घेतले. आणि वाट बघितली. एक क्षण. दुसरा क्षण. मग डावीकडे बघितलं.

डावीकडे ताराक्का होत्या. हातात फुटाणे.

गाडी म्हशीला चुकवून कालव्यात उतरली. कालवा कोरडा होता म्हणून दोघी वाचल्या. पण ताराक्कांच्या खुब्याचं हाड मोडलं. म्हैस? म्हैस तिथंच उभी होती. तिला काय कल्पना, तिच्यावर कीर्तन होणार आहे!

पंधरा दिवसांनी पद्मजाबाई मास्तरांकडे आल्या. मास्तर तयारीतच होते — रस्ता वाईट, जनावरं मोकाट, सरकार झोपलेलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या,

"मास्तर, मी तुमच्या ब्रेकची वाट बघितली."

मृदंगवाले, हात थांबवा जरा. हे वाक्य असंच राहू दे थोडा वेळ.

…

बाईंची अडचण खरी होती. दर गुरुवारी ताराक्कांना मिरजेला न्यायचं. रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाणी आपल्यामुळं आहे हे सुनेला दिसत होतं. पुन्हा शिकवा, बाई म्हणाल्या, पण या वेळी तुम्ही दाबू नका.

मास्तरांनी शब्द दिला आणि बसले गाडीत. बाजारपेठेच्या तोंडाला एक सायकल आडवी आली — गाडी उभी! बाईंनी नव्हती थांबवली. मास्तरांनी खाली बघितलं, तर स्वतःचाच पाय ब्रेकवर. त्यांनाच पत्ता नाही! दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी पेडलवर जेवणाचा डबा ठेवला, तर डब्यासकट दाबला. आमटी सांडली पायमोज्यावर. बाई खाली उतरल्या, दार हळू लावलं आणि म्हणाल्या, "राहू दे मास्तर. तुमच्यानं होणार नाही."

दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, मास्तर पुढं सांगायचे. हळू लावलेलं दार फार लागतं.

त्या दुपारी ते बंद गाडीत एकटेच बसून राहिले आणि मनाशी हिशेब मांडत गेले. चार हजार माणसं. या घटकेला त्यातली किती रस्त्यावर असतील? आणि त्यातली किती जणं माझ्या पायाची वाट बघत असतील?

मास्तरांचा एक पुतण्या पुण्यात मोटारींच्या कारखान्यात होता. त्यानं सुचवलं, काका, एक शर्यतीचा ट्रॅक आहे, तिथं वेगात गाडी ताब्यात कशी ठेवायची ते एका दिवसात शिकवतात. मास्तर उखडले. मला शिकवणार? चार हजार — पुतण्या म्हणाला, माहीत आहे. पण काका, तिथल्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो. शिकवणारा शेजारी नुसताच बसतो.

मास्तर गेले!

माळावर डांबराची ती एवढी मोठी वळणावळणाची वाट. ना खड्डा, ना शेळी, ना भाजीची गाडी. सगळी पंचविशीतली पोरं, आणि त्यांच्यात आपले मास्तर, धोतर नाही पण टोपी आहे. हेल्मेट टोपीवर बसेना. शेवटी टोपीची घडी खिशात गेली. शिकवायला कोण? गार्गी सबनीस, एकोणतीस वर्षांची मुलगी. मास्तरांनी तिला आपलं काय ते सांगितलं. सव्वीस वर्षं, चार हजार, ओरखडा नाही. ती म्हणाली, छान. मग काका, शंभरच्या वेगानं सरळ जा, आणि मी म्हटलं की सगळ्या जोरानं ब्रेक दाबा.

किती सोपं! मास्तर निघाले. साठ. ऐंशी. शंभर. "दाबा!" मास्तरांनी दाबला — आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं, मधमाश्यांच्या पोळ्यावर पाय पडावा तसं. चाकं अडकून घसरू नयेत म्हणून गाडीच तसं करते. बिघाड नसतो तो. पण मास्तर दचकले. पाय उचलला. पुढं रबराचे नारिंगी शंकू मांडले होते, ते मास्तरांनी असे उडवले जसे लग्नात तांदूळ!

मंडळी, हसा. पण ध्यानात आलं का? ज्यांनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबला, त्यांनी स्वतःसाठी तो पुरता कधी दाबलाच नव्हता. वीसच्या वेगानं बाजारात दाबणं निराळं. चार वेळा पाय उचलला, चार वेळा शंकू गेले. पाचव्या वेळी पाय थरथरला, पण निघाला नाही. गाडी शंकूंच्या अलीकडे थांबली. मास्तरांच्या कपाळावरनं घाम ओघळत होता.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शेजारी बघितलं. चारदा ही पोरगी त्यांच्यासोबत शंकूंत घुसली होती. तिचे पाय सपाट, जुळवून ठेवलेले. हात गुडघ्यांवर पालथे. मास्तरांनी विचारलं, "पोरी, तुला भीती वाटत नाही?"

"वाटते की. रोज वाटते."

"मग काय करतेस?"

"माझ्याकडे ब्रेक नाही काका, नुसतं तोंड आहे. म्हणून आधी बोलावं लागतं."

आधी! मास्तरांचं ठरलेलं वाक्य कधी यायचं? नंतर. पाय असला की बोलण्याची घाई कशाला? पाय दाबला की धोका संपतो. शिकणंही तिथंच संपतं.

दुपारी तिनं जागा बदलल्या. आता मी चालवते, तुम्ही डावीकडे; कुठं दाबायचा ते मला सांगा. पहिल्या फेरीला मास्तर गप्प, आणि उजवा पाय मात्र जोरजोरानं गाडीच्या तळात रुततोय. तिनं वेग ठेवला तसाच. वळण आलं, गाडी वळणाच्या कडेपर्यंत भरकटत गेली.

"काका, बोला," ती म्हणाली. "पायाचं मला ऐकू येत नाही."

सात फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला मास्तर वळणाच्या बरंच अलीकडे म्हणाले, "पुढं डावं वळण आहे, आता दाब… सोड." आवाज कापरा होता. पण वेळेवर होता.

मास्तर गावी परतले ते थेट आरवाड्यांच्या दारात. बाईंना म्हणाले, माझी गाडी नको, तुमची काढा. तिच्यात डावीकडे ब्रेक नाही.

बाईंनी नकार दिला. एकदा दिला, दोनदा दिला. आतून खाटेवरनं ताराक्का ओरडल्या, "जा की गं! हाड माझं मोडलंय, तू कशाला निजून राहिलीस?"

आठ दिवस बाजार समितीच्या मोकळ्या मैदानावर बाईंनी ब्रेक पुरता दाबायचा सराव केला. पेडल थरथरेल, मास्तर आधी सांगत, थरथरू द्या, पाय काढायचा नाही. नवव्या दिवशी निघाले कालव्याच्या रस्त्यानं. निघताना मास्तरांनी काय करावं? चपला काढल्या, सीटवर पाय वर घेतले आणि चक्क मांडी घालून बसले — पंगतीत बसल्यासारखे! पट्टा लावला बरं का, पट्टा विसरले नाहीत. बाईंनी विचारलं, हे काय मास्तर? ते म्हणाले, "पायाचा भरवसा नाही. बांधून ठेवलाय."

वाटेत मास्तर बोलत होते. पुढं शाळा आहे. पुढं उतार आहे. पुढं डावीकडनं शेतातली वाट येते, दिसत नाही कोण येतंय ते, पाय ब्रेकवर आणून ठेवा. एवढं बोलले आणि गप्प झाले, कारण आणखी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि त्या वाटेनं दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल सरळ रस्त्यावर आली.

मास्तरांचा पाय मांडीत तडफडला. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचा घोटा धरून ठेवला. तोंड मिटलेलं. बघा मंडळी, ओरडणंसुद्धा दुसरा ब्रेकच की! तोही त्यांनी नाही दाबला.

बाईंनी दाबला. पेडल थरथरलं. पाय निघाला नाही.

गाडी थांबली. मोटारसायकलवाला दोन शब्द बोलून निघून गेला, ते शब्द इथं देवासमोर सांगत नाही. बाई समोर बघत होत्या. डावीकडे त्यांनी मानही वळवली नव्हती. ते मास्तरांना दिसलं. सव्वीस वर्षांत कुणी आपल्याकडे न बघितल्याचा त्यांना पहिल्यांदा आनंद झाला. बाईंनी गियर टाकला. म्हणाल्या, मास्तर, मिरजेपर्यंत जाऊन येऊ या का?

आता बोला, त्या पहिल्या प्रश्नाचं काय? तुमच्या पोराच्या वहीतलं गणित कोण सोडवतं? सुनेच्या आमटीत मीठ कोण टाकून येतं, तिला न सांगता? त्या तिसऱ्या रांगेतल्या आजी हसल्या! आजी, तुम्हाला नाही म्हटलं. बरं, तुम्हालाच म्हटलं. प्रेमानंच दाबतो हो आपण, ते कोण नाकारतंय? पण आपण दाबतो तेव्हा समोरच्याचा पाय उचलायला शिकतो.

आणि आपणही तसेच. संकट आलं की पाय वर घेतो आणि डावीकडे बघतो: देवा, धाव! तो का दाबत नाही, म्हणून रुसतो. मला वाटतं, तो तिथंच बसलाय, मांडी घालून, स्वतःचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरून. जे सांगायचं ते त्यानं संतांच्या तोंडून आधीच सांगितलंय, वळणाच्या बरंच अलीकडे. त्याला भीती वाटत नसेल? वाटत असेल की.

गाडी कालव्यात गेली त्या दिवशी तिचा ब्रेक चांगला होता. गॅरेजवाल्यानं नंतर तपासून पाहिला होता.