उद्यापासून गुन्हा

होडीची मोटर चोरीला गेल्याने चिडलेला व्हर्लिन टेनेसीतल्या एका गावी शेरीफच्या पोलीस कचेरीत रांगेत उभा होता. त्याच्यापुढे ऑपल आणि नेटी या दोन म्हाताऱ्या बहिणी गोळ्यांची बरणी घेऊन कुजबुजत होत्या.

“अगं नेटी, हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या रोपातून काढलेलं आपल्या राज्यात चालतं. दुकानदार म्हणाला ना!”

“रोपातलं चालतं गं. ह्यातलं कारखान्यात रसायनं घालून बदललेलं आहे. ते जवळ ठेवणं उद्यापासून गुन्हा. पेपरात आलंय.”

“आणि आज?”

“आज चालतं.”

“मग आजच कशाला देऊन टाकायच्या? माझा गुडघा ह्यांच्या जिवावर वाकतो.”

“तुझ्या गुडघ्यापायी मी ह्या वयात तुरुंगात जायची नाही, ऑपल.”

“किती उरल्यात?”

“पाच होत्या. बाहेर गाडी लावल्यावर तू दोन खाल्ल्यास.”

“तू एक खाल्लीस!”

“तुला सोबत म्हणून!”

दोघी फिसकन हसल्या. मग एकमेकींकडे बघून पुन्हा हसल्या. व्हर्लिनने हसू लपवायला टोपी तोंडावर दाबली.

“या बाई, पुढे या,” खिडकीतला पोलीस म्हणाला. “काय जमा करायचंय?”

“दोन गोळ्या,” नेटी म्हणाली.

“आणि गाडीची किल्ली,” ऑपल म्हणाली. “आता आम्हाला घरी कोण सोडणार, साहेब?”

“मी सोडतो, मावशी,” व्हर्लिन मागून म्हणाला. “मोटरचं उद्या बघू.”